लोखंडी बाईचे कार्डं

त्या दिवशी रोडवर कोन कोन होतं ते आधी सांगून देते. मी होती. माझी धाकटी जाऊ होती, तवा ती हिंडतीफिरती होती. माझी सून होती. चहाच्या टपरीवाली तेलगू अम्मा होती, पंक्चरवाला होता, मंडल ऑफिसचा साहेब होता, आन् हैदराबादहून आलेला तो केस वाढवलेला पोरगा होता ज्यानं ते बनवलं. जावेची बकरीबी होती, कारन ती बकरी जावेले सोडून कुठीच राहत नव्हती. इतकेच होतो. साहेबानं दोरी ओढली आन् कपडा खाली पडला.

कपड्याखाली बाई होती. लोखंडाची, बाभळीएवढी उंच. इचोड्याच्या रोडले लाऱ्या दुरुस्त होतात, त्याइच्याच भंगारातून त्या पोरानं जोडली होती. डोक्याच्या जागी उलटं घमेलं. डोळ्याच्या जागी लारीचे दोन लाइट, त्यातला एक फुटका. सायकलच्या चेनीचे केस. तोंडात गिअरचं अर्धं चाक, ते दात. बोटं म्हनजे नट खोलायचे पाने. कमरेले पत्र्याची ओटी, आमी कापूस वेचताना बांधतो तशी. गळ्यात सायलेन्सरचा पाइप होता, त्यात वारा शिरला का ती बाई 'हूंऽऽ' करे.

साहेबानं हिंदीत सांगितलं, का ही इकडची कापूस वेचनारी बाई हाय, तुमच्या मेहनतीचा मान हाय.

तेलगू अम्मानं तोंडावर पदर घेतला. "अय्यो, दय्यम!" म्हनली. दय्यम म्हनजे भूत.

जावेनं माझ्या कमरेत कोपर मारलं. "बाई, हे तं तुमीच! दात पाहा, हुबेहूब."

"आन् फुटका डोळा तुझा," मी म्हनलं.

"माझा काऊन? माझे दोन्ही चांगले हाय."

"इतक्या वर्सात माझी मेहनत दिसली नाई तुले, म्हनून फुटका."

ती इतकी हसली का बकरी ओरडाले लागली. तो पोरगा बिचारा आमच्याकडं पाहून राह्यला. जाऊ त्याले म्हनली, "बाबू, चांगली केली रे. आता आमच्या वावरात चोर येत नाई." पोराले मराठी समजलं नसन, पन तोबी हसला.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेली. हे सारं मी सुनेच्या फोनात बोलून राह्यली, फोनच लिहून घेते. कधी कधी भलतंच लिहिते, मंग सून नीट करते.

मी आन् जाऊ एकाच घरात आलेल्या. माझा मालक काविळीनं गेला. तिचा निजामाबादकडं कामाले गेला तो आलाच नाई, मेला का जित्ता हाय ते कोनी सांगितलं नाई. घरात मी, ती, माझा पोरगा आन् तिचा पोरगा. चूल एक. तिचा पोरगा तं बाजारहत्नूरकडच्या एका वावरात झाला, कापूस वेचता वेचता. त्याची नाळ मी कापली. दोघीत चांगलं लुगडं एकच होतं. बाजारले जी जाईल ती नेसे, दुसरी घरी बसे. पोराच्या शाळेत दोघीले बलावलं तं आमी एकीमागं एक गेलो, रस्त्यात लुगडं बदलून.

कापसाच्या दिवसात आमी पाहाटेच निघो. कवा कवा इंद्रवेल्लीच्या बाजूले जा लागे, रस्ता जंगलाचा. पोटात काई नसलं का जावेच्या तोंडातून भुतं निघत. "बाई, मागं पाहू नका, हडळ येऊन राह्यली." मी म्हनो, "येऊ दे. तिलेबी एक ओळ वेचायले देऊ." ती म्हने, "तिचे पाय उलटे हाय, ती ओळ उलटी वेचन." मंग आमी वावरापर्यंत हडळीच्या कापसाचाच हिशेब करत जाओ. बोंडाच्या काट्यानं बोटं फाटत, थंडीत त्यातून रक्त निघे, पन ती बोलत राहे. तिच्या बोलन्यावर माझे पाय चालत. हे मी तिले कवा सांगितलं नाई. आमच्यात असं सांगत नाईत.

पोरं शिकले. माझा शाळेत मास्तर झाला. तिचा नागपूरले क्लार्क लागला, तिथीच लग्न करून राह्यला.

लोखंडी बाई बसली त्याच्या पुढच्या वर्सी जावेच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आन् जबान, तिन्ही गेलं. तिचा पोरगा तिले नागपूरले घेऊन गेला. बकरी माझ्याकडं राह्यली.

मी तिले भेटाले गेली. आतल्या खोलीत खाट, तोंड भिताडाकडं. मी हाक मारली, तिनं पाह्यलं नाई. चमचा तोंडाशी नेला तं दात गच्च. तिचा पोरगा, माझा पुतन्या, वाईट नोय, ते मी आधीच सांगते. ऑफिसात जायच्या आधी तो आईचे कपडे आपल्या हातानं धुवे. त्याची बायकोबी करनारी. पन दोघं थकले होते. तिच्या खाटेपाशीच उभं राहून पुतन्या मले म्हनला,

"मोठीमाय, आईले आता काई समजत नाई. डॉक्टर म्हनला, डोक्यात काई राह्यलं नाई. मी कोन, तू कोन, काई नाई. उन्हाळ्यात आश्रमात ठेवून देतो. तिथी नर्स असतात."

"आन् तिले नाई करमलं तं?"

"तिले सारखंच हाय वं माय. घर काय, आश्रम काय."

"तुले कसं माहीत, तिले सारखं हाय?"

"मंग ती इशारा तरी करीन नं! डावा हात चालते तिचा. एकदा तरी हालवला का?"

मले वाटे का तिले समजते. पन वाटून काय होते. आश्रमात तिले सारे नवे लोक, तिथी तिचं मन कोन वळखन? ती तशीच भिताडाकडं पाहत जाईन. माझ्या गुडघ्यात दम असता तं मीच तिले उचलून आनली असती. माझंच उठनं-बसनं दुसऱ्याच्या हातावर.

परत येताना बस इचोड्याले थांबली. लोखंडी बाई समोर. तिच्या पान्याच्या बोटात कोनीतरी बांगड्या घातल्या होत्या, पायाशी नारळ फोडलं होतं. लारीवाले तिले पाया पडाले लागले होते. मले वाटलं, हे जावेनं पाह्यलं असतं तं काय बोलली असती! मंग वाटलं, बोलत नाई तं नाई, पाहीन तं.

पोस्टात मी पेन्शनसाठी जाते. तिथी इचारलं, कार्ड अजून भेटतात का. पोस्टातला बाबू म्हनला, "भेटतात आजी, घेत कोनी नाई."

जावेलेबी वाचता येत नाई, मलेबी धड लिहिता येत नाई. म्हनून मी लोखंडी बाईची चित्रं काढली. चुलीची काजळी घेतली, त्यात बाभळीचा डिंक भिजवून टाकला. कडूलिंबाची काडी चावून तिचा कुंचा केला. पळसाच्या फुलाचा रंग उकळला, तो तिच्या लाइटच्या डोळ्याले. केसाच्या जागी पंक्चरवाल्याकडून ग्रीसनं भरलेली चिंधी आनली, ती कार्डावर दाबली का चेनीसारखे वळ उठत. पयल्या कार्डावर लोखंडी बाई बसमधी उभी, कंडक्टर तिले तिकीट मांगते आन् ती दात दाखवते. दुसऱ्यावर आमच्या आटलेल्या विहिरीत वाकून पाहून राह्यली, विहिरीतून एक हात वर आलेला. एकावर ती कापूस वेचते, पन बोंडाइले डोळे हाय. जसं गावात काई झालं तसं मी काढो. पुतन्याचा पत्ता तेवढा माझी सून लिहून दे.

पोरानं एक दिवस पाह्यलं. "आई, आपल्या घरात भूतखेत मानत नाईत. आन् तू भुताचे कार्डं काढून राह्यली. मी मास्तर हाय, पोस्टातला बाबू हसते माह्यावर."

"मानत नाई म्हनून तं काढते," मी म्हनलं. "मानत असती तं भेली असती."

"काकूले काई समजत नाई म्हने नं तो."

"मंग समजत नाई तिले पाठवले तं तुले काय तरास?"

तो गेला निघून. माझ्या सुनेनं मात्र कंडक्टरचं कार्ड हातात धरून लय वेळ पाह्यलं. "अत्या, हे पाहून अंगावर काटा येते," म्हनली. मले बरं वाटलं.

नागपूरहून फोन येई तो एकच. "दाखवलं मोठीमाय. पाहत नाई." दर बारीले तेच. मंग पुतन्या म्हनला, "आता नको पाठवू. पोरगी भेते, आजीच्या खोलीत जात नाई." मी हो म्हनलं आन् पाठवत राह्यली. उन्हाळा जवळ आला होता.

शेवटी मीच पडली. गुडघा सुजून मडक्याएवढा झाला, खाटेवरून उतरता येईना. म्हनून कार्डबी तसंच काढलं, लोखंडी बाई खाटेवर आडवी, पाय लांब केलेले. तिच्या अंगावर गोधडी दाखवायची होती. काजळीनं गोधडी काढली तं काळीच दिसे, म्हनून कापूस पिंजून डिंकानं चिकटवला, गळ्यापासून पायापर्यंत पांढरा. उशाशी बकरी उभी काढली. म्हनजे जावेनं समजावं, मी पडून हाय आन् तिची बकरी मजेत हाय. खाटेच्या कडेले वाळत ठेवलं आन् माझा डोळा लागला. उठली तं कार्ड नव्हतं. सून कामावर जाता जाता डब्यात टाकून गेली होती. म्हनलं, बरं झालं.

गुडघा उतरला. चार-सहा दिवसांनी मी दारात बसून भाजी निवडून राह्यली होती, तं गल्लीच्या टोकापासून रडनं आलं. कोनाच्या घरी काय झालं म्हनून मी मान वर केली. माझी ननंद, बाजारहत्नूरची, छाती पिटत येऊन राह्यली. "माझी वैनी गेली वं! मले न सांगता गेली वं!"

दारात आली, मले पाह्यलं. तोंड उघडंच राह्यलं.

"कोन गेलं वं?" मी म्हनलं.

"तुमी!"

"मी कुठी गेली? मी भाजी निवडून राह्यली."

ती खाली बसली धपकन. "वैनी, तुमी जित्या हाय?"

"आता इतक्या दूरून आली तं चहा घे. मंग सांग, कोनं मारलं मले."

चहा पोटात गेल्यावर तिनं सांगितलं. नागपूरहून फोन आला म्हने, आमच्या घरचा लागला नाई म्हनून तिले केला. मौतीचं कार्ड आलं. कोपरा कापलेलं.

आमच्या जमान्यात मौतीची खबर कार्डानं जाये, आन् तवा कार्डाचा एक कोपरा फाडून टाकत. ज्याले वाचता येत नाई त्यालेबी हात लावल्याबरोबर समजे. असं कार्ड घरातबी घेत नसत, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकत. मी कोपऱ्याले हात लावला नव्हता.

सून स्वयंपाकघरातून आली. तोंड उतरलं होतं तिचं. "अत्या, मी कापला. बकरीनं कोपरा चावला होता, लाळेनं ओला झाला होता. वाईट दिसे म्हनून कैचीनं सरळ करून देल्ला."

तिच्या वयाच्या लोकाइनं टपाल पाह्यलंच कुठी. फोनवर मोठी झाली. तिले काय माहीत. ननंद तिच्यावर ओरडाले लागली, तं मी म्हनलं, "तिले नको बोलू. बोलाचं असन तं बकरीले बोल."

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. मीच उचलला.

तिकडून पुतन्याचा आवाज, रडका. "वैनी, दादा शाळेतून आला का? माती झाली का? आमी निघून राह्यलो."

"मातीले अजून टाइम हाय," मी म्हनलं.

तिकडून तो किंचाळला.

"कोन बोलते?"

"मोठीमाय बोलते. भुतं फोनवर बोलत नाईत रे."

तो रडला का हसला, मले समजलं नाई. मंग जे बोलला ते ऐकून मी फोन धरून खाली बसली.

"मोठीमाय, आई रडली."

त्याच्या बायकोनं मंग मले सारं सांगितलं. टपालवाल्यानं कार्ड देल्लं तं तिनं पाह्यलं, कोपरा कापलेला. वरून चित्र असं, का खाटेवर मुडदा अन् वरून पांढरं टाकलेलं. शिक्का आमच्याकडच्या पोस्टाचा. ती उंबऱ्यातच ओरडली, "मोठ्या सासूबाई गेल्या!" आतून खाटेचा आवाज आला. जाऊन पाहते तं जावेनं मान फिरवलेली. डावा हात पुढं केलेला. इतके महिने तो हात कोनी हालताना पाह्यला नव्हता. तिनं घाबरून कार्ड त्या हातात देल्लं. जावेनं चित्राकडं पाह्यलंबी नाई. आंगठा कापलेल्या कोपऱ्यावरून फिरवला, एकदा, दोनदा. मंग तिच्या घशातून असा आवाज निघाला का शेजारचे लोक धावत आले. बायका मौतीले रडतात तसंच, सुरात. शब्द धड नव्हता, पन पुतन्याची बायको म्हनते का 'बाई, बाई' असंच होतं, जाऊ मले बाईच म्हने. सारी दुपार रडली. कपाळावर हात मारून घेतला.

पुतन्या फोनवर तेच म्हने, सारखं सारखं. "मोठीमाय, तिले समजते. तिले सारं समजते. मी तिच्यासमोर काय काय बोललो असन."

त्याचा जीव काय होऊन राह्यला होता ते मले माहीत होतं.

मंग त्यानं फोनात मले ती दाखवली आन् तिले मी. मी म्हनलं, "पाह्य वं, मी हाय. मेली नाई. तुझ्या बकरीनं चूक केली." तिनं माझ्याकडं पाह्यलं. चांगलं निरखून पाह्यलं, जसं बाजारात भाजी पाहतो. आन् तोंड फिरवून भिताडाकडं केलं.

पुतन्या म्हनला, "पाह्य, पुन्हा तसंच."

"तसं नाई रे बाबा," मी म्हनलं. "रुसली ती. इतकी रडवली तं रुसन नाई तं काय! रुसायलेबी डोकं लागते."

दुसऱ्या दिवशी माझा पोरगा मले नागपूरले घेऊन गेला. सारा दिवस ती माझ्याकडं पाठ करून राह्यली. मी खाटेवर बसून बोलत राह्यली. मले बोलायची सवय नाई, ते काम तिचं. पन त्या दिवशी मी बोलली. लोखंडी बाईले कोनी बांगड्या घातल्या, विहीर आटली, अम्माच्या टपरीचा पत्रा उडाला, ननंद कशी छाती पिटत आली. ननंदेची नक्कल केली तवा तिची पाठ हालली. मले वाटलं रडून राह्यली. वाकून पाह्यलं तं तोंडाचा एक कोपरा वर गेलेला, जो चालतो तो. मंग डाव्या हातानं तिनं माझ्या हातावर मारलं. जोरात मारलं, लाल झालं. आन् तो हात तिथीच ठेवला.

संध्याकाळी मी ज्वारीच्या कन्या शिजवल्या, पातळ, आमी कापसाच्या दिवसात खाओ तशा. चमचा नेला तं दात उघडले. सगळं नाई खाल्लं, पन खाल्लं.

आश्रमाचं पुतन्यानं मले सांगितलं नाई. आईले सांगितलं. तिच्यापाशी बसून, तिच्याकडं पाहून. "आई, तू कुठीच जात नाई." ती काई बोलली नाई. आताबी बोलत नाई. चमत्कार काई झाला नाई, पाय तसाच हाय, हात तसाच हाय. खाट मात्र समोरच्या खोलीत आनली, खिडकीपाशी. नातीची भीती मोडली, ती आता आजीपाशी बसून कार्डातल्या भुताले रंगीत पेन्सिलीनं मिशा काढते. पुतन्या ऑफिसातून आला का बूट काढायच्या आधी तिले सांगते, आज कोन भेटलं, कोनं डोकं खाल्लं. कधी ती ऐकते, कधी तोंड फिरवते. तोंड फिरवलं का तो म्हनते, "बरं, तुले आज मूड नाई." इतकंच तं पाह्यजे होतं.

हे जो कोनी वाचत असन त्याले माझं एकच मांगनं हाय. तुमच्या घरी, नाई तं शेजारी, कोनी असं बिनबोलतं मानूस पडून असन, तं त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्या जान्याच्या गोष्टी करू नका. खाली बसा, आन् आज भाजी कोनती केली तेवढं तरी त्याले सांगा.